जुन्या लिनक्सवरून नव्या लिनक्सवर: फाइली आणि सेटिंग कशा हलवायच्या

नवा कॉम्प्युटर आला, त्यावर लिनक्स टाकून झालं, आता जुन्यावरचं सामान आणायचंय. नवख्या माणसाला इथे धडकी भरते, कारण कुठलं काय कुठे साठवलेलं असतं याचा पत्ता नसतो. लिनक्समध्ये हे त्या मानाने सोपं आहे. तुमचं स्वतःचं जे काही असतं ते जवळपास सगळं होम नावाच्या फोल्डरमध्ये, तुमच्या नावाच्या कप्प्यात असतं. फोटो, बिलं, पत्रं तर असतातच, पण ब्राउझरचे बुकमार्क, मेल, कीबोर्डची सेटिंगसुद्धा तिथेच.

म्हणून बरेच जण सांगतात, होम फोल्डर उचला आणि नव्यावर टाका, झालं काम. मी तसं सांगणार नाही. दोन्हीकडे तेच लिनक्स आणि तीच आवृत्ती असेल तर ते चालून जातं. लिनक्सचे वेगवेगळे प्रकार असतील, म्हणजे एकीकडे मिंट आणि दुसरीकडे उबुंटू, किंवा मधे चार-पाच वर्षांचं अंतर असेल, तर जुनी सेटिंग नव्या प्रोग्रामांच्या पायात अडकतात आणि मग पॅनेल गायब, थीम अर्धवट असले प्रकार सुरू होतात. माझा नियम असा: फाइली सगळ्या न्याव्यात, सेटिंग निवडून न्यावीत.

उदाहरणासाठी एक ऑफिस डोळ्यासमोर ठेवू. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेल-चादरीचा कारखाना. दिवाणजींच्या टेबलावर मिंटचा जुना डेस्कटॉप. त्यात हिशोबाच्या शीट, व्यापाऱ्यांची बिलं, जॅकार्डच्या डिझाइनच्या बिटमॅप फाइली आणि मालकांनी हौसेने भरून ठेवलेले गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या, यात्रेचे फोटो. नवा आलाय तो उबुंटूचा लॅपटॉप.

टर्मिनल म्हणजे आज्ञा टाइप करून काम करायची खिडकी. तिच्या आज्ञा खाली उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत करायच्या, 'मोठा' म्हटलं असेल तेवढंच अक्षर मोठं. स्वल्पविराम म्हणजे मोकळी जागा, डॅश म्हणजे आडवी रेघ, 'बरोबर' म्हणजे बरोबरचं चिन्ह, 'टिंब' म्हणजे नावाला जोडून आलेलं टिंब, बाकी सगळं जोडून लिहायचं.

आधी जुन्या मशीनवर बसा

फाइल मॅनेजरमध्ये होम उघडा आणि कंट्रोल दाबून एच दाबा. आतापर्यंत न दिसलेले, टिंबाने सुरू होणारे फोल्डर समोर येतील. सेटिंग यांच्यातच असतात. त्यातले मुख्य तीन. टिंब-कॉन्फिग म्हणजे प्रोग्रामांच्या आवडीनिवडी. टिंब-लोकल म्हणजे प्रोग्रामांनी साठवलेला माल, फॉन्ट, पासवर्डची तिजोरी. टिंब-कॅश म्हणजे कामापुरता जमा केलेला कचरा, तो पुन्हा आपोआप तयार होतो. कॅश कधीच नेऊ नका. कित्येकदा तोच काही जीबी असतो.

मग डिस्क युसेज अॅनालायझर हा प्रोग्राम उघडा आणि होम फोल्डर तपासायला लावा. कोण किती जागा खातंय ते चित्रासारखं दिसतं. बहुतेक वेळा डाउनलोड्समध्ये पडून राहिलेली लिनक्स इन्स्टॉल करायची आयएसओ फाइल, तीनदा उतरवलेला तोच व्हिडिओ, आणि रिकामी न केलेली कचरापेटी सापडते. कचरापेटीही होमच्या आतच असते, म्हणजे ती रिकामी न करता कॉपी केलीत तर कचराही नव्या घरी येणार.

कोणकोणते प्रोग्राम टाकले होते याची यादी काढून ठेवा. उबुंटू-मिंट-डेबियनवर टर्मिनलमध्ये 'एपीटी डॅश मार्क, शोमॅन्युअल' लिहिलं की तुम्ही मुद्दाम टाकलेल्या पॅकेजांची यादी येते. त्यात मूळ सिस्टिमबरोबर आलेली पॅकेजंही असतात, त्यामुळे ती लांबलचक वाटेल. ती एका टेक्स्ट फाइलमध्ये चिकटवून डॉक्युमेंट्समध्ये ठेवा. मिंटमध्ये बॅकअप टूल नावाचा प्रोग्राम आहे, त्यात हेच काम बटणं दाबून होतं. पण मिंटची यादी उबुंटूवर जशीच्या तशी ओतू नका. समोर ठेवा आणि जे खरंच लागतं तेवढंच टाका.

इथे टाइमशिफ्ट नावाच्या प्रोग्रामाबद्दल एक सांगायला हवं, कारण हा गैरसमज फार पसरलाय. 'माझा टाइमशिफ्ट चालू आहे, म्हणजे बॅकअप आहे' असं लोक म्हणतात. टाइमशिफ्ट सिस्टिमचा फोटो काढून ठेवतो. होममधल्या तुमच्या फाइली तो मुळात वगळतो. त्याच्या भरवशावर जुनं मशीन पुसलंत तर बिलंही गेली आणि फोटोही.

नव्या मशीनवर नाव तेच ठेवा

इन्स्टॉल करताना युजरनेम विचारतात, तिथे जुनंच नाव द्या. जुन्यावर 'कारखाना' असेल तर नव्यावरही 'कारखाना', स्पेलिंगसकट. बऱ्याच प्रोग्रामांच्या सेटिंगमध्ये फाइलचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो आणि त्या पत्त्यात हे नाव येतं. नाव बदललं की तो पत्ता चुकतो आणि अलीकडे उघडलेल्या फाइली, फोटोंचा कॅटलॉग, शॉर्टकट सगळे 'सापडत नाही' म्हणू लागतात.

लिनक्स आतून माणसाला नावाने ओळखत नाही, आकड्याने ओळखतं. उबुंटू, मिंट, फेडोरा यांच्यावर पहिल्या युजरला १००० हा आकडा मिळतो. दोन्हीकडे तुम्ही पहिलेच युजर असाल तर प्रश्न नाही. जुन्यावर तुम्ही दुसरे होता, म्हणजे १००१, तर फाइली आल्यावर त्यांवर कुलपाचं चिन्ह दिसेल आणि बदल करता येणार नाही. तेव्हा 'सुडो, सी-एच-ओ-डब्ल्यू-एन (जोडून), डॅश मोठा आर', पुढे 'नाव कोलन नाव' आणि शेवटी तुमच्या होम फोल्डरचा पूर्ण पत्ता, एवढी एक आज्ञा पुरते. पत्ता मात्र तुमच्या होमचाच द्या. नुसता स्लॅश देऊन ही आज्ञा चालवलीत तर पूर्ण सिस्टिमची मालकी बिघडते आणि मग इन्स्टॉलपासून सुरुवात.

भाषा निवडतानाही एक गोम आहे. नवी सिस्टिम मराठीत टाकली तर डॉक्युमेंट्स, पिक्चर्स या फोल्डरांची नावंही मराठीत येतात. जुन्यावर ती इंग्रजीत असतील तर कॉपी केल्यावर दोन्ही संच शेजारी शेजारी उभे राहतात. कोणता फोल्डर कशासाठी हे टिंब-कॉन्फिगमधल्या 'युजर-डर्स' नावाच्या छोट्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहिलेलं असतं. ती फाइल जुन्यावरून आणू नका. तिच्यात लिहिलेला डेस्कटॉप फोल्डर नव्यावर नसेल, तर सिस्टिम अख्ख्या होमलाच डेस्कटॉप समजते आणि स्क्रीनभर फोल्डर पसरतात. एक संच ठरवा, दुसऱ्यातला माल त्यात हलवा, रिकामे फोल्डर काढून टाका.

कशावरून न्यायचं

बाहेरची हार्ड डिस्क किंवा एसएसडी उत्तम, कारण त्यात बॅकअपही आपोआप होतो. पण ती कोणत्या फॉरमॅटची आहे ते बघा. दुकानातून आणलेली डिस्क किंवा पेन ड्राइव्ह सहसा एक्सफॅट, एनटीएफएस किंवा फॅट३२ असते. फॅट३२ मध्ये ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल मावतच नाही. फॅट३२ आणि एक्सफॅटवर लिनक्सच्या परवानग्या (कोणती फाइल कोण वाचू-बदलू शकतं याची नोंद) टिकत नाहीत, फाइलच्या नावात कोलन किंवा प्रश्नचिन्ह चालत नाही. 'बिल १२:३०' नावाची फाइल लिनक्सवर आरामात राहते आणि या डिस्कवर जाताना नकार मिळतो.

डिस्क रिकामी असेल तर डिस्क्स हा प्रोग्राम उघडून ती लिनक्सच्या स्वतःच्या ईएक्सटी४ मध्ये फॉरमॅट करा. आतलं सगळं पुसलं जाईल, तेव्हा बरोबर डिस्कच निवडली आहे ना हे आकारावरून दोनदा बघा. तिथेच पासवर्डने कुलूप लावायची सोय आहे. हिशोबाची डिस्क पिशवीत टाकून सात रस्त्यावरून जुळे सोलापूरला न्यायची असेल तर ते कुलूप जरूर लावा.

डिस्क विंडोजलाही चालायला हवी म्हणून एक्सफॅटच ठेवणं भाग असेल, तर फोटो-बिलं तशीच न्या आणि सेटिंगचे फोल्डर टार नावाच्या गाठोड्यात बांधून न्या. गाठोड्याच्या आत परवानग्या शाबूत राहतात.

डिस्क नसेलच तर दोन्ही मशीन एकाच राउटरला जोडा आणि वॉर्पिनेटर वापरा. हा मिंटवाल्यांचा प्रोग्राम २०२० च्या मिंट २० पासून त्यात आहे आणि उबुंटूवरही टाकता येतो. दोन्हीकडे उघडला की मशीन एकमेकांना दिसतात, फाइली ओढून टाकायच्या. मात्र केबल लावा. १०० एमबीपीएसच्या केबलवर सेकंदाला साधारण ११ एमबी जातात, म्हणजे १०० जीबीला अडीच तास. गिगाबिट पोर्ट दोन्हीकडे असतील तर तेच काम वीसेक मिनिटांचं. जुन्या वायफायवर रात्रभर बसावं लागतं.

कॉपी करताना

आधी फायरफॉक्स, थंडरबर्ड, क्रोम, लिब्रेऑफिस सगळं बंद करा. चालू प्रोग्राम आपल्या फाइलींत सतत लिहीत असतात, आणि अर्धवट लिहिलेली फाइल कॉपी झाली तर ती नव्यावर उघडणार नाही.

फाइल मॅनेजरमधून ओढून टाकलं तरी चालतं. पण माल मोठा असेल तर आरसिंक (स्पेलिंग आर-एस-वाय-एन-सी, जोडून) शिकून घ्या. ही आज्ञा १९९६ पासून आहे आणि तिचा मोठा गुण म्हणजे ती मधेच थांबली तरी पुन्हा तीच आज्ञा दिल्यावर झालेल्या फाइली सोडून पुढे जाते. आपल्याकडे मे महिन्यात वळवाच्या पावसाचं वारं सुटलं की लाइट जाते, तेव्हा याची किंमत कळते. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर कॉपी सकाळी करा. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार असतो, फिरती (आत तबकडी फिरणारी) हार्ड डिस्क गादीवर किंवा उशीवर ठेवू नका, फरशीवर ठेवा.

आज्ञा अशी: 'आरसिंक, डॅश ए व्ही, डॅश डॅश एक्सक्लूड बरोबर टिंब-कॅश', मग कुठून, मग कुठे. 'ए' मुळे तारखा आणि परवानग्या जशाच्या तशा राहतात, 'व्ही' मुळे काय चाललंय ते दिसतं. पत्ते टाइप करायचा कंटाळा असेल तर फाइल मॅनेजरमधून फोल्डर ओढून टर्मिनलवर सोडा, पत्ता आपोआप लिहिला जातो.

आता सगळ्यात जास्त घोळ होतो ती गोष्ट. 'कुठून' च्या शेवटी स्लॅश आहे की नाही यावर सगळं अवलंबून. समजा जुन्यावरचा 'बिलं' हा फोल्डर डिस्कवरच्या 'बिलं' फोल्डरात न्यायचाय. 'कुठून' च्या शेवटी स्लॅश दिला तर आतला माल थेट तिथे जातो. स्लॅश नाही दिला तर फोल्डरच उचलून आत ठेवला जातो, म्हणजे 'बिलं' च्या पोटात आणखी एक 'बिलं'. पुढच्या वेळी स्लॅश दिला की तोच माल दोन ठिकाणी. म्हणून आधी 'ए व्ही' ला 'एन' जोडून 'ए व्ही एन' असं चालवा. ही रंगीत तालीम असते, कॉपी काहीच होत नाही, फक्त काय होईल त्याची यादी दिसते. यादी बरोबर वाटली की 'एन' काढा. 'डिलीट' हा पर्याय कुठे वाचलात तर नवखे असताना त्याच्या वाटेला जाऊ नका.

डिस्कवर कॅश सोडून सगळं होम घ्या. निवडायचं ते डिस्कवरून नव्या मशीनवर आणताना.

मराठी नावांच्या फाइलींसाठी एक खास अडचण आहे, ती इंग्रजीत काम करणाऱ्यांना कधी भेटतच नाही. लिनक्सवर फाइलचं नाव २५५ बाइटपर्यंत असू शकतं. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन, आणि काना-मात्रा-अनुस्वारही वेगळे मोजले जातात. म्हणजे हिशोब ८५ चिन्हांवर संपतो. 'सिद्धेश्वर यात्रा नंदीध्वज मिरवणूक अक्षता सोहळा संमती कट्टा मालकांच्या मोबाइलमधले फोटो दुसरा भाग नवीन' असं लांबण लावलेलं नाव विंडोजच्या डिस्कवर मजेत राहतं आणि लिनक्सवर येताना 'नाव फार लांब' म्हणून अडतं. उपाय एकच, आधी नाव छोटं करा. तेलुगू आणि कन्नड नावांनाही हाच हिशोब लागू आहे.

सेटिंग: काय आणायचं, काय नाही

फायरफॉक्सपासून सुरू करू, कारण बहुतेकांचा जीव त्यातच असतो. सिंकचं खातं असेल तर नव्यावर लॉगिन करा, बुकमार्क-पासवर्ड येतील, विषय संपला. खातं नसेल तर प्रोफाइलचा, म्हणजे तुमचे बुकमार्क-पासवर्ड ठेवलेला, फोल्डर न्यावा लागतो. तो कुठे आहे हे अंदाजाने शोधू नका. पत्त्याच्या पट्टीत 'अबाउट कोलन सपोर्ट' लिहा, तिथे प्रोफाइलचा फोल्डर उघडायचं बटण असतं. हे सांगायचं कारण म्हणजे मिंटवर तो टिंब-मोझिलात सापडतो, तर उबुंटूवर २२.०४ पासून फायरफॉक्स स्नॅप म्हणून (उबुंटूच्या स्वतंत्र डबाबंद प्रकारात) येत असल्याने तो 'स्नॅप' फोल्डरच्या पोटात खोलवर असतो. जुन्या पत्त्यावर टाकलं तर नव्या फायरफॉक्सला ते दिसतच नाही.

नव्यावर फायरफॉक्स एकदा उघडून बंद करा. मग जुना प्रोफाइल फोल्डर नव्या प्रोफाइलांच्या शेजारी ठेवा. 'अबाउट कोलन प्रोफाइल्स' मध्ये जाऊन नवीन प्रोफाइल बनवा, जागा विचारल्यावर तो आणलेला फोल्डर दाखवा आणि त्यालाच डीफॉल्ट करा. हे शेवटचं राहिलं तर ब्राउझर कोरा उघडतो आणि माणूस 'सगळं गेलं' म्हणून कपाळाला हात लावतो. काही गेलेलं नसतं. आणि नव्यावरचा फायरफॉक्स जुन्यापेक्षा जुन्या आवृत्तीचा नको, नाहीतर तो प्रोफाइल उघडायला नकार देतो. आधी अपडेट करा.

क्रोम आणि त्याच्या भावंडांचे पासवर्ड सिस्टिमच्या तिजोरीच्या किल्लीने बंद असतात, नुसता फोल्डर आणून ते उघडतीलच असं नाही. सिंक वापरा किंवा पासवर्ड फाइलमध्ये एक्सपोर्ट करून नव्यावर इंपोर्ट करा. ती फाइल उघडीवाघडी असते, काम झालं की लगेच पुसा आणि कचरापेटीही रिकामी करा.

तिजोरी म्हणजे टिंब-लोकलमधल्या 'शेअर' मधला 'कीरिंग्ज' फोल्डर. ती आणलीत तर लक्षात ठेवा, तिला जुन्या मशीनचा लॉगिन पासवर्ड लागतो. नव्यावर वेगळा पासवर्ड ठेवला असेल तर प्रत्येक वेळी खिडकी उघडून जुना मागत बसेल.

थंडरबर्डची गोष्ट फायरफॉक्ससारखीच. मेल आयमॅपवर, म्हणजे सर्व्हरवरच राहणारी, असेल तर खातं पुन्हा जोडलं की पुरतं. पॉपने उतरवून घेतलेली जुनी मेल असेल तर ती फक्त या मशीनवरच असते, प्रोफाइल न्यायलाच हवा.

लिब्रेऑफिसमधून मी दोनच गोष्टी उचलतो. टिंब-कॉन्फिगमध्ये 'लिब्रेऑफिस', त्यात '४', त्यात 'युजर' असा रस्ता आहे. आवृत्ती कुठलीही असो, तो '४' तसाच राहतो, त्यामुळे गोंधळू नका. आत 'वर्डबुक' मध्ये तुम्ही स्पेलिंगच्या शब्दकोशात घातलेले शब्द असतात आणि 'ऑटोकर' मध्ये आपोआप दुरुस्तीच्या जोड्या. दिवाणजींनी वर्षानुवर्षं 'जॅकार्ड', 'पद्मशाली', 'चाटी गल्ली', व्यापाऱ्यांची आडनावं घालून ठेवलेली असतात. ते पुन्हा घालत कोण बसणार?

मराठी टायपिंग सेटिंग कॉपी करून येत नाही, कारण आधी त्याचं इंजिन हवं. आयबस आणि त्याचं एम१७एन हे पॅकेज टाका, एकदा लॉगआउट होऊन परत या, मग कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट किंवा फोनेटिक, जे तुमच्या बोटांत बसलंय ते निवडा. लॉगआउट न करता शोधलंत तर यादीत काही सापडणार नाही.

फॉन्ट मात्र कॉपी करूनच येतात. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये केलेली पत्रं, लग्नपत्रिका, पतसंस्थेचे अर्ज त्या फॉन्टशिवाय उघडले तर इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. जुन्यावरचा टिंब-फॉन्ट्स किंवा टिंब-लोकलच्या 'शेअर' मधला 'फॉन्ट्स' फोल्डर घ्या, नव्यावर टिंब-लोकलच्या 'शेअर' मधल्या 'फॉन्ट्स' मध्ये ठेवा आणि टर्मिनलमध्ये 'एफसी डॅश कॅश' चालवा.

डेस्कटॉपची सजावट, पॅनेल, थीम आणू नका. नव्याने लावायला थोडा वेळ जातो, तेवढा जाऊ द्या. दोन्हीकडे नोम (उबुंटूचा नेहमीचा डेस्कटॉप) असेल आणि शॉर्टकट फारच कष्टाने बसवले असतील तर 'डीकॉन्फ डंप' ने ते फाइलमध्ये उतरवून 'डीकॉन्फ लोड' ने भरता येतात. फ्लॅटपॅक या डबाबंद प्रकारातून टाकलेल्या प्रोग्रामांचा माल 'टिंब-व्हर' मधल्या 'अॅप' मध्ये असतो, तो प्रोग्राम टाकल्यावर त्याचा कप्पा तिथेच ठेवा. एसएसएचच्या (दुसऱ्या मशीनवर दुरून लॉगिन करायच्या) किल्ल्या असतील तर त्यांची परवानगी ६०० आणि फोल्डरची ७००, म्हणजे फक्त मालकापुरती, ठेवा, नाहीतर त्या चालणार नाहीत.

होमच्या बाहेर राहिलेलं

वायफायचे पासवर्ड, प्रिंटर, ठरावीक वेळी चालणारी क्रॉनची कामं सिस्टिमच्या फोल्डरांत असतात. वायफाय आणि प्रिंटर नव्याने जोडणंच सोपं. क्रॉन वापरत असाल तर 'क्रॉनटॅब, डॅश एल' ची यादी उतरवून घ्या.

अभियांत्रिकीच्या पोरांनी हे नीट वाचावं: मायएसक्यूएल या डेटाबेसचा डेटा होममध्ये नसतो. प्रोजेक्टचा कोड आला, डेटाबेस मागे राहिला, असं सबमिशनच्या आदल्या रात्री कळू नये. 'मायएसक्यूएलडंप' ने तो फाइलमध्ये काढा. डेटाबेसचा फोल्डरच उचलून न्यायचा प्रयत्न करू नका. वेबसाइट 'व्हर' मधल्या 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' फोल्डरात ठेवली असेल तर तीही वेगळी न्यावी लागेल.

जुनं मशीन देण्याआधी

आरसिंकला 'ए व्ही एन सी' देऊन जुनी आणि नवी जागा पुन्हा जुळवा. 'सी' मुळे ती प्रत्येक फाइल आतून वाचून तुलना करते, वेळ लागतो, पण यादीत एकही फाइल आली नाही तर माल तंतोतंत आलाय. त्यावर न थांबता एखादी जुनी बिलाची शीट, एक डिझाइन, यात्रेचा एक व्हिडिओ प्रत्यक्ष उघडून बघा. मग नव्यावर एक पूर्ण महिनाअखेर जाऊ द्या. राहिलेली गोष्ट महिनाअखेरीच्या हिशोबातच आठवते.

त्यानंतरच जुनी डिस्क पुसा. फिरती हार्ड डिस्क असेल तर डिस्क्समध्ये फॉरमॅट करताना शून्यांनी भरायचा पर्याय निवडा, नुसतं जलद फॉरमॅट केलं तर फाइली परत काढता येतात. एसएसडीवर शून्य भरण्याचा पूर्ण भरवसा नसतो, तिथे सिक्युअर इरेजचा पर्याय दाखवत असेल तर तो वापरा. मशीन भंगारात किंवा कामगाराच्या पोराला जाणार असेल आणि यातलं काहीच जमत नसेल, तर स्क्रू काढून डिस्क बाहेर काढा आणि मशीन डिस्कशिवाय द्या.